नावाचा संन्यासी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या दिवसांत प्रवाशांची मोठी गर्दी लोटते. तेथील दुकानांतून टोप्या, चेंडू व शिंपल्यांच्या माळा यांच्या शेजारीच तारेच्या पिंजऱ्यात काही रंगीत शंख विकावयास ठेवलेले असतात. हे शंख हळूहळू चालतात, कारण प्रत्येकात एक जिवंत खेकडा असतो. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘संन्यासी खेकडा’ असा होतो. पर्णकुटीतील बैराग्याप्रमाणे तो शंखात एकटा राहतो, म्हणून हे नाव. मुले हट्ट धरतात. ‘ह्याला फारसे काही लागत नाही’ असे दुकानदार सांगतो. आणि खेकडा घरी येतो.

दुकानदाराचे सांगणे खोटे आहे, आणि ते नावही खोटेच आहे.

हा खेकडा मूळचा कॅरिबियन समुद्राच्या बेटांवरील व किनाऱ्यांवरील. त्याचा पुढचा भाग कठीण, परंतु पोट मऊ, उघडे व पीळ पडलेले असते. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख तो आपले घर करतो आणि संकट आले म्हणजे आत शिरून डावी मोठी नांगी दारासारखी लावून घेतो. शरीर वाढले की घर अपुरे पडते. अशा वेळी किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख आढळला, तर लहानमोठे खेकडे त्याच्याभोवती जमतात व कधी कधी आकाराप्रमाणे रांगच लावतात. सर्वांत मोठा खेकडा नव्या शंखात गेला की त्याच्या जुन्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा, अशी सगळी वसाहत पाहता पाहता घरे बदलते. चाळीतील बिऱ्हाडेही इतक्या शिस्तीने बदलत नसतील! ह्यात धक्काबुक्की होते, भांडणेही होतात. पण भांडावयाला तरी शेजारी हवाच.

अशा प्राण्याला काचेच्या भांड्यात एकटे ठेवणे हा अन्याय होय. त्यातून तो कल्ल्यांनी श्वास घेतो आणि त्यासाठी दमट हवा लागते. कोरड्या खोलीत तो दिवसेंदिवस गुदमरत असतो. उलट, खोल पाण्यात टाकला तर बुडून मरतो. त्याला गोडे पाणी हवे, खारेही हवे. निवडीला चार मोठे शंख हवेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंग पुरून घेण्याइतकी ओली, खोल वाळू हवी.

वाळू कशासाठी? साप कात टाकतो, तसा हा खेकडा वाढताना आपले जुने कवच टाकतो. त्यासाठी तो वाळूत शिरतो आणि कित्येक आठवडे, मोठा असल्यास दोनदोन महिनेही, वर येत नाही. नवे कवच कठीण होईपर्यंत त्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते. टाकलेले कवच तो स्वतःच खातो, कारण त्यातील चुना त्याला पुन्हा उपयोगी पडतो. मालकाला यातले काही ठाऊक नसते. तो वाळू उकरतो, निश्चल खेकडा पाहतो, मेला असे समजतो आणि केरात टाकून देतो. जिवंतपणी केरात गेलेल्या ह्या जिवांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

नीट सांभाळल्यास हा प्राणी तीस वर्षेही जगू शकतो. तरी पुष्कळसे खेकडे घरी आणल्यावर काही महिन्यांतच मरतात. त्यांची पिल्ले प्रथम समुद्रात वाढतात, त्यामुळे पिंजऱ्यात त्यांची पैदास होणे फार कठीण. म्हणजे मेलेल्याच्या जागी जो येतो, तोही बहुधा किनाऱ्यावरूनच पकडून आणलेला असतो.

खेकड्याला वेदना ती कसली, असे कोणी विचारील. बेलफास्ट येथील एल्वुड व अपेल ह्या संशोधकांनी 2009 साली समुद्रातील अशाच खेकड्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. शंखात विजेचा सौम्य धक्का बसलेले खेकडे, दुसरा शंख पुढे ठेवताच, अधिक तत्परतेने घर सोडू लागले. पण ज्यांचा शंख आवडत्या जातीचा होता, ते सहजासहजी बाहेर येईनात. दुःख आणि घर यांचा असा हिशेब करणारा जीव केवळ खेळणे नव्हे. ब्रिटनच्या 2022 च्या कायद्याने खेकड्यांची गणना संवेदना असलेल्या प्राण्यांत केली आहे. जपानने तर आपल्या जमिनीवरील शंखवासी खेकड्यांना 1970 सालीच नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिले.

प्राणी पाळल्याने मुलांच्या ठायी माया उपजते, असे म्हणतात. ते खरेच आहे. ज्याने असा खेकडा आधीच घरी आणला आहे, त्याने ओली वाळू, दमट हवा आणि सोबती देऊन तो अवश्य सांभाळावा. ज्याने आणलेला नाही, त्याने मात्र आणू नये. माया उपजण्यासाठी तो विकत घ्यावा लागत नाही.

ह्या खेकड्याचे समुद्रात राहणारे भाऊबंद कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही आहेत. ओहोटीनंतर खडकांतील डबक्यापाशी थोडा वेळ गप्प बसावे. एखादा शंख गोगलगायीला न शोभणाऱ्या वेगाने चालू लागतो. तो हाती घेतला तर आतला रहिवासी दिसेनासा होतो. पुन्हा पाण्यात ठेवून वाट पाहिली, म्हणजे आधी मिशा बाहेर येतात, मग डोळे, मग पाय. आणि घर पाठीवर घेऊन तो आपल्या वाटेने निघून जातो.