सातबारा नवा, चूक कोणाची?



सातबारा आता मोबाइलवर निघतो. तलाठ्याच्या सज्जावर तीन चकरा मारण्यापेक्षा हे बरेच. तेव्हा संगणकाला शिव्या देण्यासाठी हा लेख नाही. त्या कागदावर जे छापून येते ते जुन्या वहीशी जुळते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जमिनीची दप्तरे संगणकात घालण्याचा पहिला प्रयोग केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून निवडला गेला तो आपला कापसाचा वर्धा जिल्हा. त्या काळी संगणकात मराठी लिहिण्याची सर्वांची एक पद्धत नव्हती. ज्याचा फाँट त्याचे आकडे. एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर उघडली की मराठीच्या जागी नुसता कचरा दिसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. 'क'चा क्रमांक २३२५, मग यंत्र मुंबईचे असो की मोर्शीचे. म्हणून जुनी माहिती नव्या पद्धतीत ओतणे भागच होते.

पण चाळणी बदलली म्हणून खड्यांची ज्वारी होत नाही. ओतणारे यंत्र अक्षरे ओळखते, माणसे आणि बांध ओळखत नाही. मराठीतला 'ऱ्य' घ्या. रूपांतरात तो बिघडला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातली जमीन समुद्रात गेली! हसण्यावारी नेऊ नका. आडनावात असे एक अक्षर फिरले की आधारशी नाव जुळत नाही आणि अनुदान अडकते.

आकड्यांची चूक याहून महाग पडते. १ हेक्टर २ आर हे कोणी १.२ असे लिहून ठेवले असेल, तर यंत्र ते १.२० वाचते, म्हणजे १ हेक्टर २० आर. कागदावर १८ आर, जवळजवळ १८ गुंठे वाढले. वाढले म्हणून पेढे वाटू नका. गटाची बेरीज जुळत नाही म्हणून उद्या वाटणीचा फेरफार अडेल. उलट झाले, किंवा लागवडीची जमीन पोटखराब्यात पडली, तर पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई सगळेच कमी, कारण तिघांचाही हिशेब हेक्टरी. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर मोबाइलवर नोंदणी आणि कापसाची नोंद असलेला सातबारा लागला. कागद चुकला तर कापूस खाजगी व्यापाऱ्याच्या दारात, हमीभावाच्या खाली.

आता कायदा पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे चूक यंत्राची किंवा टाइप करणाऱ्याची, आणि ती चूक आहे हे सिद्ध करण्याचा खर्च, खाडे, हेलपाटे शेतकऱ्याचे. २०१७ मध्ये दुरुस्तीसाठी चावडी वाचनाची मोहीम झाली. कल्पना उत्तम होती. जिथे गाव जमले आणि नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या तिथे चुका सापडल्या. जिथे नुसत्या सह्या झाल्या तिथे त्या तशाच पुढे आल्या. "काम शंभर टक्के पूर्ण" असा अहवाल आला की एवढेच समजावे की नोंदी मोजल्या गेल्या. वाचल्या गेल्या, असा त्याचा अर्थ नाही.

फेरफाराशिवाय सातबारावरचे नाव किंवा क्षेत्र बदलत नसते. मग जुन्या हस्तलिखित उताऱ्यात आणि नव्यात फरक आहे, पण मधे फेरफारच नाही, अशा ठिकाणी पुरावा मागायचा कशाला? जुनी वही सरकारजवळच आहे. तिथे दुरुस्ती सरकारने स्वतःहून, स्वतःच्या खर्चाने करावी आणि जुने दप्तर वाळवीच्या हवाली करू नये, ही आपली मागणी आहे.

तोपर्यंत कलम १५५ आहे. लेखनातली चूक दुरुस्त करून मागण्याचा अर्ज त्याखाली तहसीलदाराकडे करता येतो. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या उताऱ्याची नक्कल काढा, नव्याशेजारी ठेवा आणि नाव, क्षेत्र, पोटखराबा, विहीर व इतर हक्क एकेक करून ताडून पाहा. फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसत असेल तर ती चूक रूपांतराची नाही. त्यासाठी बँकेचा दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. बैठकीला येताना दोन्ही उतारे सोबत आणा. गावनिहाय यादी तिथेच करू आणि अर्ज एकट्यादुकट्याने न देता गावाचे एकत्र देऊ. पोच घेतल्याशिवाय कोणी तहसीलच्या पायऱ्या उतरू नये.