दादांचा तेलाचा डबा

यंदा डाळिंबाला भाव बरा मिळाला आणि आटपाडीच्या आमच्या पुतण्याने टर्बोची नवी, वेगवान मोटार दारात आणून उभी केली. पहिल्यांदा तेल बदलायची वेळ आली आणि घरात खडाजंगी! दादांनी ट्रॅक्टरच्या जाड तेलाचा डबा पुढे सरकवला.

"आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे भट्टी. तिथे ते पाण्यासारखे तेल टिकणार? माझी जीप याच तेलावर तीस वर्षे धावली."

निवाड्याला मला बोलावले. थोरल्या भावाला खोटे पाडायचे कसे? मी गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडले. '५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी'. पहिला आकडा गार इंजिनात तेल किती सहज वाहते त्याचा, दुसरा तापलेल्या इंजिनातला. आणि इंजिन एकदा तापले की आटपाडी काय, महाबळेश्वर काय, जवळजवळ सारखेच! टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही तेलाच्या केसाहून पातळ थरावर. जाड तेल सकाळी तिथे पोचायला उशीर करते. शिवाय 'एसपी' हे २०२० सालचे प्रमाण. कमी वेगात जोर दिला की अशा इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतो. ते टाळणारे हे तेल.

"दादा, तुमच्या जीपला टर्बो होता का?"

दादा गप्प. मग म्हणाले, "बैलगाडीला वंगण घालताना मी कुठले पुस्तक पाहिले होते रे!"

दुसऱ्या दिवशी पुतण्या विट्याला निघाला. तेलाचा आकडा दादांनीच कागदावर लिहून त्याच्या खिशात कोंबला. त्यांचा डबा पुन्हा ट्रॅक्टरशेजारी गेला.