माशाला टोचली लस!

मुलांनो, शाळेत लस टोचायला डॉक्टर आले की तुमच्यापैकी निम्मे जण बाकाखाली दडतात. मला सगळं दिसतं बरं का! आता गंमत ऐका. नॉर्वे देशात चक्क माशांना लस टोचतात. आधी गुंगी देऊन, मग एकेकाच्या पोटात सुई!

हा मासा म्हणजे सॅमन. (आपल्या रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण दोघांचं नातं काही नाही.) सॅमनची पिल्लं गोड्या पाण्याच्या टाक्यांत वाढवतात आणि मग समुद्रात जाळ्यांच्या मोठमोठ्या पिंजऱ्यांत सोडतात. एकेका पिंजऱ्यात हजारो मासे. दाटीवाटी आली की रोग आलाच! १९८५ साली स्कॉटलंडहून आणलेल्या पिल्लांबरोबर अंगावर गळवं आणणारा एक रोग नॉर्वेत शिरला आणि पसरत गेला.

मग माशांच्या खाद्यात औषधं मिसळणं वाढलं. १९८७ साली नॉर्वेत सुमारे ५० हजार टन सॅमन निघाला आणि मत्स्यशेतीत जवळजवळ ५० टन प्रतिजैविकं, म्हणजे जंतू मारणारी औषधं वापरली गेली. म्हणजे १ टन माशामागे १ किलो औषध! न खाल्लेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून ते समुद्राच्या तळाशी जातं. तिथले जंतू हळूहळू त्याला दाद देईनासे होतात. अशीच काही औषधं आपल्यालाही लागतात, तेव्हा ही भीती फक्त माशांपुरती नाही.

त्यापेक्षा माशालाच लढायला शिकवलं तर?

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर असतो ना, तो त्याचा पहिला कोट. म्हणून पाळलेला मासा कोरड्या हाताने धरू नये, तो थर निघतो. कोट ओलांडून जंतू आत आले, की रक्तातलं सैन्य लढतं. आपल्या रक्तपेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात. माशाच्या हाडांत तशी मज्जाच नसते. त्याच्या मूत्रपिंडाचा पुढचा भाग हे काम करतो!

लशीत मारलेले जंतू असतात. त्यांच्यावरून शरीर शत्रू ओळखायला शिकतं आणि प्रतिद्रव्यं तयार करतं. पण मासा पडला थंड रक्ताचा. पाणी गार, तर शिकणंही सावकाश. म्हणून पाण्याचं तापमान गुणिले दिवस असा हिशेब धरतात. तो साधारण ५०० व्हावा लागतो. पाणी १० अंश असेल तर ५० दिवस. ५ अंश असेल तर? सांगा पाहू!

१९९०नंतरच्या चार-पाच वर्षांत चांगल्या लशी आल्या आणि औषधांचा वापर धाडकन खाली आला. आज नॉर्वेत वर्षाला १५ लाख टनांच्या आसपास सॅमन निघतो आणि प्रतिजैविकं लागतात एक टनाहूनही कमी. सगळेच रोग काही लशीने जात नाहीत. अंगाला चिकटून सॅमनला कुरतडणाऱ्या समुद्री उवा आजही मत्स्यपालकांना रडवतात.

आपल्या कोकणात खाडीकाठी कोळंबीची तळी आहेत. तिथे ही युक्ती चालेल का? नाही. कोळंबी मासा नव्हेच, ती खेकड्याच्या कुळातली. तिच्या अंगात प्रतिद्रव्यं तयारच होत नाहीत. तिच्यासाठी निरोगी बीज, स्वच्छ पाणी आणि तळ्यात कमी गर्दी, एवढंच मालकाच्या हातात असतं.