दोन पेग ताकदीचे

दारूने अंगात ताकद येते, हे मत मांडणारा माणूस सहसा खुर्चीत बसलेला असतो.

आमच्या ब्रँचमध्ये असे दोघे आहेत. त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे सातपुडा. ‘‘अहो, अक्कलकुवा तालुक्यात मणिबेलीला जाऊन बघा! माणसं मोहाची घेतात आणि हरणासारखी डोंगर चढतात!’’ हे सांगताना साहेबांना पहिल्या मजल्याचा जिना चढून धाप लागलेली असते. एरवी मी हसून लेजर उघडलं असतं; पण आमच्या कबड्डी संघातली नवी पोरं हे कान टवकारून ऐकतात. म्हणून हा वाद.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. जमा कोणत्या खात्याची, ते आधी बघतो. मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडितात आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. नर्मदेचा काठ पाण्याखाली गेला, उरलेली माणसं वर डोंगरात सरकली. आता कुठंही जायचं तर चढउतार आहेच. पिंढऱ्या घडवल्या चढाने. श्रेय मात्र बाटलीच्या खाती! मोहाची फुलं वाळवून, भाजून खातातही, हे आमचे साहेब सांगत नाहीत.

बरं, धावपटूंना पाजून बघितलेलं नाही असंही नाही. १९०४ साली सेंट लुईसच्या ऑलिम्पिकमध्ये टॉमस हिक्सला मॅरेथॉनच्या वाटेत ब्रँडी दिली, वर स्ट्रिक्निनही. पहिला आला खरा, पण शेवटी आधार देऊन आणावा लागला! १९६८ साली मेक्सिकोत स्वीडनच्या लिल्येनवालने नेमबाजीआधी हात स्थिर राहावा म्हणून बिअर घेतली. हाताचं काय झालं ते झालं, संघाचं ब्राँझ पदक मात्र परत गेलं.

शरीराचं पासबुकही बघा. दारू पोटात गेली की यकृत इतर कामं बाजूला सारून तिचीच फाइल काढतं. साखर तयार करणं मंदावतं. लघवीवाटे पाणी जातं. झोप लागते, पण विश्रांती मिळत नाही. २०१४च्या एका प्रयोगात व्यायामानंतर भरपूर दारू घेतलेल्यांची स्नायूंची बांधणी, सोबत प्रथिनं घेऊनही, सुमारे २४ टक्क्यांनी घटली. म्हणजे सकाळी घाम गाळून भरलेली रक्कम रात्री आपणच काढायची!

गंमत अशी, की आपल्या राज्यात दारूचा परवाना मिळतो तोही ‘आरोग्य राखण्यासाठी’. कुणाच्या, ते विचारू नये.

तेव्हा पोरांनो, मणिबेलीकडून काही उसनं घ्यायचंच असेल तर बाटली नको, चढ घ्या. आणि तो घेताना साहेबांनाही सोबत न्या. जिन्यापासून सुरुवात केली तरी चालेल.