नेता बदलावा कुणी?

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेले ग्वाल्हेरचे लष्कर हे उत्तरेतील मराठी माणसांचे जुने ठाणे. तेथील दौलतगंजात हिंदू महासभेची कचेरी आहे. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत महासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे ग्वाल्हेर आणि गुणा अशा दोन्ही मतदारसंघांतून निवडून आले. त्यांनी ग्वाल्हेरची जागा सोडली व पोटनिवडणुकीत तेथून लोकसभेत गेले ते डॉ. नारायण भास्कर खरे. पनवेलास जन्मलेले, नागपुरात काँग्रेसचे पुढारी म्हणून नावारूपास आलेले डॉ. खरे काँग्रेसच्या विरोधकांचे उमेदवार होऊन ग्वाल्हेरपर्यंत कसे पोहोचले, याचे उत्तर 1938 च्या जुलै महिन्यात सापडते. सत्तेवरील मुख्यमंत्र्यास त्याच्याच पक्षातील प्रतिस्पर्ध्याने दूर सारण्याचे जे प्रयोग आपल्या देशात पुढे वारंवार झाले, त्यांची जवळजवळ सर्व लक्षणे त्या महिन्यात प्रकट झाली होती. म्हणून तो जुना इतिहास आज पुन्हा उलगडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मध्यप्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधानपद, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपद, 1937 साली डॉ. खऱ्यांकडे आले. प्रांत एक असला तरी त्याचे घटक तीन होते: मराठी नागपूर, मराठी वऱ्हाड आणि हिंदी महाकोशल. महाकोशलचे पं. रविशंकर शुक्ल व पं. द्वारकाप्रसाद मिश्र यांचे आणि डॉ. खऱ्यांचे जमेना. मे 1938 मध्ये पचमढीस श्रेष्ठींच्या साक्षीने समेट झाला. पण तो कागदावरच राहिला. 20 जुलैला डॉ. खऱ्यांनी राजीनामा दिला. शुक्ल, मिश्र व मेहता या तिघा मंत्र्यांनी राजीनामे देण्याचे नाकारले, तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना बडतर्फ केले आणि दुसऱ्याच दिवशी डॉ. खऱ्यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. या मंत्रिमंडळाचे आयुष्य दोन-तीन दिवसांचे ठरले. वर्ध्यास सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने डॉ. खऱ्यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविले, आणि त्यानंतर विधिमंडळ पक्षाने शुक्लांची नेतेपदी निवड केली.

या प्रकरणात दोन्ही बाजूंचे वकील आजवर पुष्कळ बोलले आहेत. आमच्या मते दोष एका पारड्यात टाकता येत नाही. डॉ. खऱ्यांनी घरचे भांडण थेट परकीय सत्तेच्या गव्हर्नरापुढे नेले. सहकारी नकोत, तर ते ज्या पक्षाने दिले त्या पक्षाला तसे सांगावयाचे; राजभवनाच्या लेखणीने त्यांना घालवावयाचे नव्हे. परंतु श्रेष्ठींचे वर्तनही निष्कलंक म्हणता येत नाही. आमदारांनी मत देण्याआधीच निकाल जाहीर झाला होता. एका उमेदवारास अपात्र ठरवून मग निवड करावयास सांगणे, म्हणजे मतपेटी ठेवून तिची चावी खिशात घालणे होय.

येथे अमेरिकेतील पद्धतीचे स्मरण होते. तेथे गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला राज्याचा कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. त्याला पुन्हा उभे राहावयाचे तर आधी स्वपक्षाच्या मतदारांचा कौल प्राथमिक निवडणुकीत घ्यावा लागतो. 2014 साली हवाई राज्याचे गव्हर्नर नील ॲबरक्रॉम्बी यांना त्यांच्याच पक्षाच्या डेव्हिड इगे यांनी दुपटीहून अधिक मतांनी पराभूत केले. 2018 साली कॅन्ससचे गव्हर्नर जेफ कॉलियर अवघ्या 343 मतांनी क्रिस कोबाक यांच्याकडून हरले व त्यांनी तो पराभव मान्य केला. या पद्धतीतही पैशाचा खेळ आहे, आणि पक्षातील कडव्यांचा आवाज तेथे मोठा होतो. कॅन्ससमध्ये प्राथमिक फेरी जिंकलेले कोबाक पुढे खऱ्या निवडणुकीत पडले. तरीही एक गोष्ट तेथे निर्विवाद असते. सत्ताधीशास कुणी घालविले व किती मतांनी घालविले, हे सर्वांस ठाऊक असते.

आपल्याकडे नेमके हेच कळत नाही. असा सामना आपल्याला अपरिचित होता असे मात्र नाही. 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्याच्या नेतेपदासाठी यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे समोरासमोर उभे राहिले. 1966 साली इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंना 355 विरुद्ध 169 मतांनी हरविले. तरी मोरारजी पुढच्याच वर्षी उपपंतप्रधान झाले. उघड लढतीत हरलेल्यास पक्षात राहता येते. बंद खोलीत हरविलेला बाहेरचा रस्ता धरतो. गोव्यात नोव्हेंबर 1999 मध्ये फ्रान्सिस्को सार्दिन यांनी काँग्रेस फोडून लुईझिन फालेरो यांचे सरकार पाडले. मार्च 2020 मध्ये ग्वाल्हेरच्याच ज्योतिरादित्य शिंदे यांनी काँग्रेस सोडली, बावीस आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ यांचे सरकार गेले. जून 2022 मध्ये महाराष्ट्रात एकनाथ शिंदे यांच्या बंडाने उद्धव ठाकरे यांना पद सोडावे लागले. या तिन्ही प्रसंगी पक्षाच्या सभेत नेत्यास समोरून आव्हान देऊन मते मोजली गेली नाहीत. आणि पक्षाचे दार बंद दिसले की राजभवनाचे दार ठोठावले जाते. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या प्रकरणी निर्णय देताना, पक्षांतर्गत वाद मिटविण्याचे काम राज्यपालांचे नव्हे, असे बजावले. नागपुरात 1938 साली जो धडा मिळाला होता, तो सांगावयास न्यायालयाला पंचाऐंशी वर्षांनी बसावे लागले!

पक्षांतरबंदीचा 1985 चा कायदा पळणाऱ्यास अडवू पाहतो. परंतु त्याने पळू नये म्हणून घरात बोलण्याची सोय करीत नाही. तो कायदा एकट्यादुकट्यास अडवितो, मोठ्या जथ्यास वाट सापडतेच. आमच्या मते उपाय साधा आहे. मुख्यमंत्र्यास आव्हान द्यावयाचे असेल तर विधिमंडळ पक्षाची सभा बोलवावी, गुप्त मतदान घ्यावे, मते मोजावी आणि आकडे जाहीर करावे. दिल्लीहून आलेल्या निरीक्षकाने लखोटा फोडून नाव वाचावे आणि सभेने टाळ्या वाजवाव्यात, याला निवड म्हणत नाहीत. ज्या पक्षाला आपल्याच आमदारांच्या मतांची भीती वाटते, त्याने जनतेच्या मतांवर विश्वास असल्याचे सांगू नये.

डॉ. खरे आणि शुक्ल यांच्यापैकी कोण अधिक लायक होता, हा वाद इतिहासाच्या अभ्यासकांनी घालावा. आम्हांस खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची: त्या निर्णयाचा अधिकार ज्यांचा होता, त्या आमदारांना तो मोकळेपणाने बजावता आला नाही. गव्हर्नर व श्रेष्ठी यांच्या कात्रीत तेव्हा मध्यप्रांताचा मतदार सापडला होता. आजचा मतदार त्या कात्रीतून सुटला आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.