व्यसन : रक्तात किती, घरात किती?

विवाह जुळवताना शिक्षण, नोकरी, घरदार यांची चौकशी पूर्ण झाली की आवाज थोडा खाली आणून एक प्रश्न विचारला जातो, “मुलाच्या वडिलांना म्हणे दारूचे व्यसन होते?” उत्तर होकारार्थी आले की बोलणे बहुधा तेथेच थांबते. मुलाने आजवर थेंबालाही स्पर्श केलेला नसला तरी ‘रक्तातच आहे’ हा शिक्का त्याच्यावर बसतो. या शिक्क्यात शास्त्रीय तथ्य किती, ते या वेळी पाहू.

प्रथम मेंदूकडे वळू. १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत एके ठिकाणी बारीक तार बसवली. पिंजऱ्यातील कळ दाबली की तेथे सौम्य विद्युतप्रवाह पोहोचे. उंदीर ती कळ पुनःपुन्हा दाबत राहिले. पुढील प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. अन्न, पाणी, अपत्यस्नेह यांकडे प्राण्याने वळावे म्हणून निसर्गाने निर्माण केलेली ही व्यवस्था. तिच्यात डोपामिन नावाचे रसायन कार्य करते आणि दारू, तंबाखू, अफू हे सारे पदार्थ त्याच व्यवस्थेवर चोरवाटेने ताबा मिळवतात.

पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली. आरंभी फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उद्दीपित होत. काही दिवसांनी रस मिळणार अशी खूण दिसताच त्या उद्दीपित होऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी स्तब्ध राहू लागल्या. तंबाखू सोडलेला मनुष्य पुडी फाडल्याच्या नुसत्या आवाजाने का अस्वस्थ होतो, हे यावरून ध्यानी यावे. त्यातच संयम राखणारा कपाळामागील मेंदूचा भाग दीर्घ सेवनाने दुर्बल झालेला असतो. सकाळी आईसमोर घेतलेली शपथ संध्याकाळी मोडते, तेव्हा ती सकाळी खोटी होती असे मानण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्या परंपरेतील सप्तव्यसनांत द्यूत पहिले. ज्यात कोणताही पदार्थ पोटात जात नाही अशा जुगाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने दारू-तंबाखूच्या व्यसनांच्या पंक्तीस बसवले ते २०१३ साली.

आता रक्ताचा प्रश्न. वडील दारू पितात आणि मुलगाही पितो, तेव्हा तो वारसा जनुकांचा की डोळ्यांदेखत पाहिलेल्या उदाहरणाचा, हे एकाच घरात राहून कळत नाही. म्हणून डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये वेगळा मार्ग धरला. आई किंवा वडील यांपैकी एकाला दारूच्या आजारासाठी रुग्णालयात राहावे लागले होते, परंतु जन्मानंतर काही आठवड्यांतच जे परक्या घरी दत्तक गेले, अशा ५५ मुलग्यांची त्यांनी पाहणी केली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्यापैकी १८ टक्क्यांना दारूचा आजार जडलेला आढळला. ज्यांच्या जन्मदात्यांना तो आजार नव्हता अशा दत्तक मुलग्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. म्हणजे जनुकांचा वाटा आहेच. जुळ्या भावंडांवरील पुढील अभ्यासांनी तो सुमारे निम्मा ठरवला.

मात्र तेच आकडे उलट बाजूनेही वाचावेत. १८ टक्क्यांना आजार जडला, ८२ टक्क्यांना जडला नाही. वडिलांवरून मुलाला नाकारणारे या ८२ जणांनाही नाकारतात. चौकशी जरूर करावी, पण ती मुलाच्या स्वतःच्या सवयींची.

व्यसनाचे असे एकच एक जनुक नाही. अनेक जनुकांचा अल्प-अल्प प्रभाव असतो. काही जनुके तर रक्षण करतात. चीन, जपान, कोरियातील पुष्कळांच्या शरीरात दारूपासून बनणारे विषारी द्रव्य लवकर नष्ट होत नाही. एक पेला घेताच चेहरा लालबुंद होतो, मळमळते, साहजिकच पुढचा पेला नकोसा होतो. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे औषध हीच अवस्था कृत्रिमरीत्या घडवते. म्हणूनच ते रुग्णाच्या नकळत अन्नात मिसळणे जिवावर बेतू शकते. आपल्याकडे काही घरांत हा प्रकार चालतो. तो त्वरित थांबवावा.

ज्या घरात व्यसनाचा इतिहास आहे तेथे मुलांपासून तो लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेहाचा इतिहास आपण सांगतो, तसाच हाही सांगावा. संयमाचा तो मेंदूभाग पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. पहिला घोट, पहिली चिमूट जितकी लांबेल तितका धोका घटतो. आणि ‘आमच्या घरी दारूला थारा नाही’ म्हणणाऱ्यांनी फडताळातील मिश्रीची डबीही पाहावी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करतात; विडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८ टक्के आहेत.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ आणि अन्य व्यसनांसाठी १४४४६ या शासकीय क्रमांकांवर निःशुल्क मार्गदर्शन मिळते. घरातील व्यक्ती उपचारास राजी नसेल, तरी पत्नीने वा आईने प्रथम स्वतः दूरध्वनी करण्यास हरकत नाही.