टायरची जन्मतारीख



दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, बिनछपराची मोटार तुम्ही चित्रात किंवा खेळण्यांच्या दुकानात पाहिली असेल. तिला म्हणतात स्पोर्ट्‌स कार. अशीच एक खरीखुरी छोटी मोटार जपानमधल्या माझदा कंपनीने १९८९ साली विक्रीला आणली. तिचं नाव एमएक्स-५. दिवसा तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटून बसत आणि रात्री डोळे उघडावेत तसे वर येत! पहिल्या घडणीच्या या गाड्या १९९७ पर्यंत निघाल्या. हौशी लोक त्या आजही जपून ठेवतात आणि सुटीच्या दिवशी फिरायला बाहेर काढतात.

आता एक कोडं. अशा एका गाडीच्या टायरवरची नक्षी नव्यासारखी खोल आहे. गाडी वर्षभरात थोडीशीच चालते. मग टायर चांगला की वाईट? ‘चांगला!’ असं म्हणालात ना? थांबा, घाई करू नका.

आधी टायरवर किती भार असतो ते पाहू. चालकासकट ही गाडी साधारण १००० किलोची, म्हणजे २२०० पौंडांची. चार चाकांत सारखी वाटणी केली तर प्रत्येक चाकावर ५५० पौंड. या गाडीच्या टायरमध्ये हवा भरायची २६ पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला २६ पौंड दाब. ५५० ला २६ ने भागा पाहू! उत्तर येतं सुमारे २१ चौरस इंच. टायरचा साधारण एवढाच भाग एका वेळी रस्त्याला टेकतो. आपल्या टपालाच्या पोस्टकार्डापेक्षा जरासाच मोठा! वळण असो, ब्रेक असो की पाऊस, सारी भिस्त या चार पोस्टकार्डांवर.

मग टायर निवडायचा कसा? त्याच्या अंगावरच सगळं लिहिलेलं असतं. या गाडीच्या टायरवर लिहिलेलं असे : १८५/६० आर १४. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, इंचांत. पुढे ८२ एच असं असेल, तर तो टायर ४७५ किलो भार पेलतो आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसतो. काही जणांना वाटतं, जितका रुंद टायर तितकी पकड जास्त. पण गाडी हलकी असली की रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते! म्हणून कंपनीने सांगितलेलं माप उत्तम, आणि चारही टायर एकाच जातीचे असावेत.

हवेचंही तसंच. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा झिजतात आणि टायर तापतो. जास्त झाली की मधला पट्टा झिजतो. हवा मोजायची ती टायर थंड असताना, गाडी निघण्यापूर्वी. नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात. मोटारीच्या टायरमध्ये त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्याबरोबर आली, की टायर बदलायलाच हवा.

आता आपलं कोडं. तुमच्या कंपासपेटीत एखादं जुनं खोडरबर असेल. ते झिजलेलं नसतं, पण कडक होतं. मग ते पुसत नाही, कागदावरून नुसतं घसरतं. टायरचंही असंच होतं. ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांनी रबर हळूहळू कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. गाडी उभी असली तरी हे चालूच राहतं. कमी चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. खोल नक्षी बघून मालक निर्धास्त असतो आणि पहिल्याच पावसात ब्रेक दाबला की गाडी घसरते!

मग वय ओळखायचं कसं? टायरवर बहुधा लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. समजा, ते २३१९ आहेत. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे हा टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात जन्मला. आकडे तीनच असतील तर टायर सन २००० च्या आधीचा, तो वापरूच नये. बऱ्याच कंपन्या सांगतात, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असो, तो बदलावा. हो, आणि स्टेपनीला विसरू नका! डिकीत बसून तीही म्हातारी होते.

पालकहो, हे फक्त हौशी मोटारींपुरतं नाही. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या घरच्या गाडीलाही हेच लागू आहे. नवा टायर घेताना किमतीबरोबर हे चार आकडेही पाहा. दुकानात तो किती वर्षं पडून होता, ते तेच सांगतात.

आणि मुलांनो, या रविवारचा गृहपाठ : घरातल्या मोठ्यांना बरोबर घ्या, गाडी बंद करून नीट उभी करा आणि तिच्या प्रत्येक टायरवरचे चार आकडे शोधा. एका बाजूला सापडले नाहीत तर दुसऱ्या बाजूला बघा. वहीत लिहून प्रत्येकाचं वय काढा. एखाद्याचं वय दहाच्या वर निघालं, तर पुढच्या सहलीला निघण्याआधी आई-बाबांना तो बदलायला लावायचं काम तुमचं!